फाटकावर अडवलेला खरवस

गुरुवार, १६ जानेवारी, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी माझ्या सासूबाईंनी अल खर्ज हे गाव नापास केले.

वेळ मी अचूक सांगू शकते, कारण निकालाची नोंद करण्यासाठी मी पेन घेऊनच बसले होते. मी अल खर्जच्या एका मोठ्या दुग्धप्रकल्पात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे, आणि तिथल्या प्रयोगशाळा प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी लागणारी पात्रता माझ्याकडे होती, इच्छा तर लागते त्याहून बरीच अधिक होती. अट एकच : प्रमुखाचे घर प्रकल्पापासून वीस मिनिटांच्या आत हवे. आमचे बारा मिनिटांवर होते. परंतु माझा नवरा निखिल रियाधच्या एका बँकेत आयटी सांभाळतो, त्यासाठी रोज दोन तास गाडी चालवतो, आणि त्याला बिऱ्हाड रियाधला हलवायचे होते. वाद मिटेना, तेव्हा मिरजेहून दोन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना आम्ही पंच नेमले. (पंच ही एका पक्षाची जन्मदात्री असणे हा प्रयोगाच्या रचनेतला दोष होता. तो मला उशिरा दिसला.)

माझी तयारी चोख होती. छोट्या गावाचे फायदे मी दहा निकषांत मांडून त्यांचा तक्ता केला होता : मोकळी हवा, रिकामे रस्ते, खजुरांच्या बागा, दारावर ओळखीचे चेहरे, वगैरे. सासूबाईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"इथं गाई किती म्हणालीस?"

"हजारो, आई."

"आणि तू दुधातच कामाला."

"हो."

"मला येऊन आठ दिवस झाले, गार्गी. घरात वाटीभर चीक आला नाही. आमच्याकडे गल्लीत एक गाय व्याली तर दहा घरांत खरवस होतो. हजारो गाई असून घरात खरवस नाही, हे गाव कसलं गं? हा कारखाना झाला."

निखिलने समाधानाने टीव्हीचा आवाज कमी केला. मी सविस्तर शास्त्रीय उत्तर दिले. चिकातल्या प्रतिपिंडांवर वासरांचा जीव अवलंबून असतो, म्हणून तो त्यांच्यासाठी राखीव असतो. शिवाय कच्चे दूध फाटकाबाहेर नेण्यास आमच्याकडे सक्त मनाई आहे.

"असला नियम कुणी केला?"

मी पेन खाली ठेवले. नियम मीच केला होता. पान चार, कलम सात.

शुक्रवारी सुट्टी असते. सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी मी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात गेले. दुकानाचे मालक हमीदभाई मलबारचे. गावात कोणाकडे काय आहे हे त्यांना पाठ असते. आसपास कोणाची गाय नुकतीच व्याली असेल तर पहिल्या दिवसाचे दूध मिळेल का, असे मी हळू आवाजात विचारले. कोणासाठी हवे आहे, असे त्यांनी त्याहून हळू आवाजात विचारले. घरासाठी हवे आहे, भारतातून सासूबाई आल्या आहेत, असे मी सांगितले.

दोन्ही विधाने खरी होती. पण हमीदभाईंनी ती शेजारी शेजारी ठेवली. सासू एवढा समुद्र ओलांडून येते, सून ताकदीचे दूध शोधत फिरते, आणि तेही हळू आवाजात! त्यांनी मला पाण्याच्या बाटल्यांची पेटी उचलू दिली नाही, स्वतः गाडीत आणून ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर मैडम, अब भारी चीज़ नहीं उठाने का." मी याला छोट्या गावाचे सौजन्य समजले आणि तक्त्यात निकष क्रमांक अकरा म्हणून नोंदवले.

जुम्म्याची नमाज सुटल्यावर दीड तासात निकष क्रमांक अकराचे परिणाम दारावर येऊ लागले. सर्वप्रथम तळमजल्यावरच्या उम्म सुलतान दोन जिने चढून आल्या. त्यांच्या हातात खजुरांचे ताट होते आणि मागोमाग उंटिणीच्या दुधाचे कॅन आले. त्या थेट सासूबाईंच्या शेजारी बसल्या. एकीला मराठी आणि दुसरीला अरबी, एवढीच भाषासंपत्ती असूनही दोघींचे संभाषण अडले नाही. उम्म सुलतान यांनी माझ्याकडे बोट दाखवले, पोटावरून हात फिरवला आणि दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"मला सांगितलं नाहीस? खालच्या बाईला सांगितलंस?"

"आई, असं काहीही नाही."

"पहिले तीन महिने असंच म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. उम्म सुलतान यांनी एक अक्षर न कळता मान डोलावली.

मी आधारासाठी निखिलकडे पाहिले. तो सोफ्यावरून अर्धा उठलेला होता.

"गार्गी, मला तरी सांगायचंस."

छोट्या गावात नकार हाच दुजोरा मानतात, हे निरीक्षण मी त्या दुपारी सहा वेळा पडताळून पाहिले. प्रत्येक नकारानंतर एक नवे ताट आले. (हमीदभाईंनी पाठवलेल्या केळफुलाच्या भाजीबद्दल मात्र माझी तक्रार नाही.)

३ वाजून ५ मिनिटांनी फोन वाजला. आमचे मुदीर, म्हणजे प्रकल्पाचे व्यवस्थापक, बोलत होते. उम्म सुलतान यांची धाकटी बहीण ही त्यांची पत्नी. त्यांनी माझे अभिनंदन केले. मग अत्यंत मायेने सांगितले की, प्रमुखाचे काम दगदगीचे आहे, केव्हाही धावत यावे लागते, म्हणून या वर्षी माझ्यावर तो भार टाकू नये असे त्यांनी ठरवले आहे. मी गरोदर नाही, असे मी स्वच्छ सांगितले. ते हसले आणि म्हणाले, अर्थातच, बातमी तुम्ही जाहीर करेपर्यंत ती माझ्याकडे सुरक्षित आहे.

याच सुमारास घरापुढे एक पिकअप थांबली. उम्म सुलतान यांच्या नवऱ्याच्या चुलतभावाची गाय पहाटे व्याली होती. एका अनोळखी गृहस्थाने चार लिटर दाट, पिवळाधमक चीक दारात ठेवला, सलाम केला आणि नावही न सांगता तो निघून गेला. सासूबाईंनी झाकण उघडले, वास घेतला आणि निकाल फिरवला.

"याला म्हणतात गाव. निखिल, कुठंही हलायचं नाही. बाळंतपण इथंच."

अशा रीतीने मी गाव जिंकले, आणि ज्या जागेसाठी जिंकले ती जागा त्याच चिकाने घालवली.

मी विचार केला. तोंडी नकार निरुपयोगी ठरला होता. आता भौतिक पुरावा हवा. चीक खरवसासाठीच मागवला होता, हे तयार खरवस मुदीरांच्या टेबलावर ठेवून सिद्ध करता येईल. सासूबाई गूळ चिरायला बसल्या आणि म्हणाल्या, पहिल्या दिवसाचा चीक आहे, दुप्पट दूध घाल. मी विचारले, दुप्पट हे प्रमाण कशावरून? त्या म्हणाल्या, अंदाजानं. हा शब्द मला प्रयोगशाळेतही सहन होत नाही. मी माझा खिशातला अपवर्तनमापी, म्हणजे द्रवाचा दाटपणा मोजणारे उपकरण, काढला, चिकाचा थेंब काचेवर ठेवला, आकडा घेतला, दोन पाने गणित केले आणि चिकाच्या जेमतेम पावपट दूध घातले. सासूबाईंनी वेलची कुटता कुटता माझ्या वहीकडे पाहिले.

"बरं बाई. तुझ्या हातचा होऊ दे."

रविवारी सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी मी स्टीलचा मोठा डबा घेऊन प्रकल्पाच्या फाटकावर पोहोचले. पहारेकऱ्याने डब्यात काय आहे ते विचारले. मी सांगितले. तो खिन्न झाला. त्याने भिंतीवरचे फ्रेम केलेले पत्रक दाखवले : बाहेरचा कोणताही दुग्धजन्य पदार्थ आत आणण्यास मनाई. पान चार, कलम आठ. खाली माझी सही होती, आणि सहीखाली, विशेष भर म्हणून, माझ्याच हस्ताक्षरातले "अपवाद नाही".

"मैडम, आपने ही तो ट्रेनिंग दिया था," तो म्हणाला.

डबा जप्त झाला. कलम नऊनुसार जप्तीचा अहवाल गुणवत्ता अधिकाऱ्याने लिहावयाचा असतो. तो अधिकारी मीच असल्यामुळे माझ्या गुन्ह्याचा पंचनामा मी भिंतीला टेकवून लिहिला. जप्त वस्तू : खरवस, घरगुती, एक डबा. वजन : २००० ग्रॅम. "कारण" या रकान्यात सत्याखेरीज काहीही लिहिता येत नाही. मी लिहिले : "सासूबाईंची खरवस खाण्याची इच्छा. संबंधित अधिकारी गरोदर नाही."

असा अहवाल नियमाप्रमाणे सर्व विभागप्रमुखांना एकाच वेळी जातो. मुदीरांनी मला नऊ वाजता बोलावले. डबा पुरावा म्हणून त्यांच्या टेबलावर होता आणि चार विभागप्रमुख त्याच्याभोवती उभे होते. मुदीरांनी अहवाल दोनदा वाचला.

"लेखी आहे," ते म्हणाले. "म्हणजे खरंच नाही?"

"खरंच नाही."

त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पुढची ओळ वाचली. जप्त वस्तूची तपासणी व विल्हेवाट प्रयोगशाळा प्रमुखाच्या सहीनेच करावी. पण प्रमुखाची तर जागाच रिकामी! त्यांनी जरा विचार केला, टेबलाच्या खणातून माझ्या नेमणुकीचे पत्र काढले, त्यावर सही केली आणि पेन माझ्याकडे दिले.

"आता तुम्ही करा. यल्ला."

प्रमुख या नात्याने माझा पहिला आदेश असा होता की, तपासणीत चव घेणे समाविष्ट करावे. हे खरवस प्रकरण काय आहे ते या सहकाऱ्यांना एकदा कळू दे, असा माझा सद्हेतू होता. पाचही जण उत्साहाने पुढे सरसावले. सुरी पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा मुदीरांनी डबा धरून ठेवला. तुकडे तोंडात गेले आणि पाचही जबडे बराच वेळ नुसतेच चालत राहिले. पशुवैद्य असलेल्या विभागप्रमुखांनी अखेरीस, घास गालात सरकवून, हे गोठ्यातल्या रबरी चटयांच्या पुरवठादाराला दाखवावे का, असे प्रामाणिकपणे विचारले.

मी डबा पुन्हा काट्यावर ठेवला आणि नव्या पदाच्या सहीने अहवाल पूर्ण केला. पाच तज्ज्ञांनी चव घेतल्यानंतर शिल्लक वजन : १९८२ ग्रॅम.