आधी समोरच्याची बाजू

तुरुंगातले किस्से साठत जातात, कारण बाहेर पडायला त्यांनाही परवानगी लागते. आता माझी बदली झालीय, तेव्हा काही सोडून देतो. थोडं मीठमसाला माझा, बाकी खरं.

हिंगोलीच्या तुरुंगात मी शिपाई होतो. कुरुंद्याचे देवळे सर कॉलेजात तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवायचे आणि दर गुरुवारी आमच्या कैद्यांना. पहिल्या दिवशी फाटकात मी त्यांची झडती घेतली.

"पिशवीत काय?"

"अडीच हजार वर्षं."

आत जुनी पुस्तकं आणि एक भाकरी. "अन् भाकरी कोणत्या काळातली?"

"सकाळची," सर म्हणाले.

सरांचा नियम जुन्या पंडितांचा. वाद घालायचा तर आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही त्याच्यापेक्षा चांगली. तो "बराबर" म्हणाला, की मगच आपलं तोंड उघडायचं.

एकदा साखऱ्याचा किसन आणि जवळा बाजारचा रहीम एका घोंगडीवरून हातघाईवर आले. सरांनी नियम लावला. किसननं रहीमची थंडी अशी काही रंगवली, की रहीमच वरमला. "बराबर. पन इतकी तकलीफ न्हाई रे मला. घे तूच."

"न्हाई, तू घे."

दोघंही घेईनात. हिवाळाभर ती मी पांघरली.

घरी मी हाच नियम बायकोवर चालवला. तिची बाजू मांडता मांडता मलाच पटलं, की मी लग्नाच्या लायकीचा नव्हतो. "बराबर," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. माझी पाळी आलीच नाही! पण तेव्हापासून आमच्या घरात भांडी आपटली नाहीत. सरांचे हे उपकार आम्ही दोघंही मानतो.

मग नवे मोठे साहेब आले, ते वर्ग बंद करायचं ठरवूनच. तसं सांगायला ते थेट वर्गातच आले. किसनची मॅट्रिकची परीक्षा तोंडावर, आणि तिची तयारीही सरच करून घेत. वर्ग गेला, की परीक्षा गेली. सर बोलायला उठले, तेवढ्यात किसनच उभा राहिला.

"साहेब, आधी तुमची बाजू मांडतो. पुस्तकातून काहीबी आत येऊ शकते. शिपाई वर्गात डुलक्या घेऊन राहिले. उद्या कोनी पळालं तर जाब तुमाला. अन् बाहेर गरिबाच्या लेकराला शाळा न्हाई, मंग चोराला काहून?"

साहेब म्हणाले, "हे शेवटचं मला सुचलं नव्हतं."

"पन बराबर हाय का?"

"बराबर."

"मंग आता तुमी आमची मांडा." किसन खाली बसला.

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खडू पुढं केला. साहेबांनी तो घेतला, फळ्यापर्यंत गेले आणि तसेच परत फिरले.

"तयारी करावी लागेल," ते म्हणाले. "गुरुवारी मांडतो."