मेलेल्या जंतूंशी लढाई

आमच्या जिन्यातल्या वहिनींना सगळे तोफखाना म्हणतात. त्यांच्या तोंडावर नव्हे, एवढी अक्कल आम्हाला आहे. वरच्या बाल्कनीतून पाणी टपकायच्या आधीच त्या वर बघून ओरडतात, "टपकवा, टपकवा एकदाचं!"

त्यांची नोकरी प्रयोगशाळेत. काम काय, तर कोंड्याच्या ट्रेमध्ये पिठातले किडे पाळायचे. त्यातल्या काहींना बारीक सुईने मेलेले जंतू टोचायचे. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही. पण किड्याच्या शरीराला ते कोण सांगणार? ते लगेच युद्ध पुकारतं, विष सोडतं, आणि त्या विषाने त्याच्याच आतल्या नळ्या होरपळतात. शेजारी तोच कोंडा खाणारे निवांत किडे मागे राहतात, हे शूरवीर आधी जातात.

एकदा जेवताना वहिनींनी हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांचे यजमान, भाऊ, कुलपं दुरुस्त करतात, बोलतात कमी. म्हणाले, "ओळखीचं वाटतंय."

घरात दोन दिवस अबोला.

त्यात लेकीचा फोन. "आई, रविवारी त्याला घेऊन येते. मागच्याला तू दारातूनच पिटाळलंस. या वेळी तोफ उडाली तर मीही परत यायची नाही."

वहिनींचा चेहरा पडला. एकुलती एक लेक!

रविवारी मुलगा आला. शेजारधर्म म्हणून मीही जेवायला होतो; असा प्रसंग कोण सोडतो? बिचारा मदत म्हणून पोळ्या आणायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथूनच ओरडला, "काकू, तुमच्या पिठात किडे झालेत!"

वहिनींच्या पिठात! आम्ही घास हातात धरून बसलो. लेकीने डोळे मिटले. वहिनींची कानशिलं लाल झाली, तोंड उघडलं...

"मेलेला जंतू गं," भाऊ ताटाकडे बघत पुटपुटले.

तोंड तसंच उघडं राहिलं, आणि त्यातून चक्क हसू बाहेर पडलं. "अरे बाळा, ते पाळलेत. कामावरचे उरलेले आणलेत घरी. झाकण लाव, पळतील!"

आता लेक-जावई दर रविवारी असतात. वहिनी खरंच निवळल्यात का, हे बघायला मी परवा मुद्दाम त्यांच्या दारात चिखलाच्या चपला काढल्या.

"हा जिवंत आहे हो!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ झाडू.