सहाव्या कडव्याचा वेग

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, चर्चहून आल्यावर, दुपारच्या जेवणानंतर भिंगारच्या आमच्या घरी बैठक झाली. रक्कम चौदाशे रुपये. जानेवारीतल्या मॅरेथॉनची दोघांची फी, माणशी सातशे, भरून झालेली आणि परत न मिळणारी. हजर तिघं: मी, माझी बायको आणि शेजारचे निवृत्त सुभेदार. विषय एकच होता, या खेपेला पळायचं कोणत्या वेगाने.

मॅरेथॉन म्हणजे अर्धी, एकवीस किलोमीटरची. आमच्याकडे सगळे तिला मॅरेथॉनच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. अंतर तीन तासांत संपवावं लागतं. सगळ्यांच्या मागून एक टेम्पो तीन तासांच्या हिशेबाने सरकत येतो. तो ज्याला गाठेल त्याने मुकाट्याने वर चढायचं.

आदल्या वर्षी माझी बायको त्या टेम्पोतून आली होती. सुरुवातीला गर्दीबरोबर ती सुसाट सुटली, दहा किलोमीटरनंतर चालू लागली आणि एकोणिसाव्याला टेम्पोने तिला गाठलं. मी तोवर पळून, केळं खाऊन शेवटच्या कमानीपाशी उभा होतो. केळ्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसलेली ती मला दिसली तेव्हा गळ्यातलं पदक मी काढून खिशात टाकलं. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "घाला की. तुम्ही कशाला लाजता?"

टेम्पोवाला पारनेरकडचा, पन्नाशीचा गडी. त्याने तिला शेजारच्या टपरीवर चहा पाजला होता. तिच्याजवळ पैसे नव्हते, पळताना कोण घेतं? "पुढच्या साली मी देईन," ती म्हणाली. तो हसला. "ताई, माजं एक हाय. पुढच्या सालीबी माज्याच गाडीतून आलात तर चहा माजाच. सोताच्या पायांनी आलात तर तुमचा."

वर्षभर तिने या चहाचा विषय चारदा तरी काढला असेल. ती शाळेत शिकवते, पोरांना ताटकळत ठेवत नाही आणि कुणाचं काही अंगावर ठेवत नाही. पण मुद्दा चहाचा नव्हता. तिला तो चहा आपल्या पैशाने प्यायचा होता.

बैठकीत पहिला मी बोललो. मी सुप्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे तक्ता तयार होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकवीस ओळी आखल्या होत्या. प्रत्येक किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी. सहा मिनिटं शिल्लक, पाण्यासाठी.

सुभेदारांनी तक्ता हातभर लांब धरून वाचला. "साहेब, माणूस आहे का मालगाडी? फौजेत रूट मार्च असायचा. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं हॉल्ट. कुणी मेलं नाही."

"दहा मिनिटांचे दोन हॉल्ट म्हणजे वीस मिनिटं गेली," मी म्हणालो.

"मग लहान करा हॉल्ट."

"किती लहान?"

"बुटाची नाडी बांधण्यापुरता."

"त्याला हॉल्ट म्हणत नाहीत, काका," बायको आतून बडीशेप घेऊन येत म्हणाली. "आणि अहो, मागच्या वर्षी घड्याळ माझ्या मनगटावर होतंच. चष्म्यावर घाम आला की आठ आहेत का तीन, मला कळत नाही. मी गाण्यावर पळणार."

ती चर्चच्या गायन मंडळात आहे. तिचं म्हणणं असं की मनात गीत म्हणायचं आणि तालावर पाऊल टाकायचं. गीतही ठरलेलं होतं, सहा कडव्यांचं, आमच्या मंडळीचं लाडकं. दम लागून शब्द तुटले तर वेग जास्त, एवढं तिला घड्याळाशिवाय कळेल.

"मी शेजारी पळेन आणि वेळ सांगेन," मी म्हणालो.

"तुम्ही तुमच्या वेगाने पुढे जा. तुमचा वेळ माझ्या खात्यात जमा करू नका."

यावर सुभेदार खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटी असं ठरलं की आधी तिचं गाणं तपासायचं. छावणीतल्या झाडांच्या रस्त्यावर तिने पहिलं कडवं पुन्हा पुन्हा म्हणत दोन किलोमीटर काढले. मी सायकलवर. प्रत्येकी सव्वाआठला पाच सेकंद कमी. तक्ता आणि गीत जुळलं. मी फार खूश झालो आणि तक्त्यावर बरोबरची खूण केली.

पुढच्या शनिवारी दहा किलोमीटरची चाचणी घेतली. एवढ्या अंतराला एकच कडवं किती म्हणणार, म्हणून तिने सहाही म्हटली, संपली की पुन्हा पहिल्यापासून. पहिला किलोमीटर बरोबर. चौथ्याला वीस सेकंद जास्त. दहाव्याला नऊ मिनिटं होऊन गेली.

"दमलीस का?" मी विचारलं.

"मुळीच नाही. एक शब्द तुटला नाही."

खरंच ती दमली नव्हती. श्वास शांत, चेहरा कोरडा. दमणूक नाही, चढ नाही, वारा नाही, आणि प्रत्येक किलोमीटर आधीच्याहून लांबतोय. घरी येऊन मी घड्याळच तपासून पाहिलं. ते बरोबर होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिळालं. तेच गीत होतं. बायको समोर गायन मंडळात, मी मागच्या बाकावर. का कोण जाणे, मी मनगट वळवून वेळ पाहू लागलो. पहिल्या कडव्याला मिनिटभर लागलं. सहाव्याला जवळजवळ दीड.

आमच्या मंडळीची ही जुनी रीत आहे, फक्त मी ती कधी मोजली नव्हती. पुढच्या बाकावर चार आजीबाई बसतात. त्यांना ओळ संपवायला जरा जास्त वेळ लागतो. पेटी वाजवणारे गुरुजी त्यांच्यासाठी भात्यावर थांबतात. गुरुजी थांबले की गायन मंडळ थांबतं, आणि मंडळ थांबलं म्हणून आजीबाईंना वाटतं की आज सावकाशच म्हणायचंय, म्हणून पुढची ओळ त्या आणखी सावकाश घेतात. असं एकमेकांसाठी थांबत आम्ही सहाव्या कडव्याला पोचतो. बाहेरगावचे पाहुणे तोवर पुस्तक मिटून बसलेले असतात.

बायको हे गीत याच मंडळीत लहानाची मोठी होताना शिकली होती. तिच्या डोक्यात ते असंच होतं, आजीबाईंसकट. पळताना ही ओढ पुष्कळ कमी होती, तरी सहावं संपवून पुन्हा पहिलं घेताना ती सहाव्याच्याच चालीत घेत होती, म्हणून प्रत्येक किलोमीटर आधीच्याहून लांबत होता.

घरी हे सांगितलं तेव्हा ती आधी रागावली. मग ओट्याशी उभं राहून सगळं गीत म्हटलं, पोळपाटावर बोटाने ताल धरून, आणि पाचव्या कडव्याला तिचं तिलाच हसू आलं. "अगं बाई! मी शेवंताआजींसाठी... नाही, नाव घेत नाही. पण मी थांबतेय हो त्यांच्यासाठी. रस्त्यावर!"

"मग फक्त पहिलं कडवं म्हण."

"एकवीस किलोमीटर एकच कडवं? आणि देवाची उरलेली पाच?"

"ती दहाच्या उपासनेत म्हणू. शर्यत सहाला सुटते, आपण नऊला मोकळे होतो."

ती तयार झाली, पण पुरतं समाधान कुणाचंच झालं नव्हतं. पंधरा किलोमीटरनंतर पाय जड होतात, तेव्हा शांत गीत माणसाला आणखी शांत करतं. त्यासाठी माझ्या तक्त्यात उपाय नव्हता.

तो नाताळच्या आठवड्यात सापडला. आमच्याकडे त्या दिवसांत संध्याकाळी गायन मंडळ घरोघर गाणी म्हणत फिरतं. ढोलकी, खंजिरी, तरुण पोरं पुढे. त्या गाण्यांत आजीबाई नसतात, त्या आपापल्या दारात करंज्यांचं ताट घेऊन उभ्या असतात. मी मागून चालत होतो. एका घरून दुसऱ्या घरी जाताना ढोलकी सुरूच होती, आणि माझी बायको, जी दिवसभर शाळेत उभी होती, माझ्यापुढे वीस पावलं निघून गेली. मला अक्षरशः धावावं लागलं.

"हेच," मी तिला गाठून म्हणालो. "पंधरापर्यंत पहिलं कडवं. मग ढोलकी."

"आणि तुमचा तक्ता? सारखा वेग?"

"फाडला समज."

फाडला नाही, त्याच्याच खाली दुसरा आखला. सुभेदारांनी मंजुरी दिली: "शेवटी हल्ला. हे फौजेतही चालतं." मी तिच्याबरोबरच पळायचं, हेही त्याच दिवशी ठरलं. कडवं पहिलंच आहे ना, यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, असं मी कारण दिलं. ती म्हणाली, "बरं. पण मध्ये आकडे बोलायचे नाहीत."

जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. तिने दहाच्या काही नोटा घडी करून मोबाईलच्या कव्हरमागे ठेवल्या. सुरुवातीला गर्दी सुसाट गेली, आम्ही गेलो नाही. पंधरा किलोमीटर तिने एकच कडवं म्हटलं आणि मी एकही आकडा बोललो नाही, दोन्ही गोष्टी सारख्याच अवघड होत्या. तरी पंधराव्याला आम्ही ठरल्यापेक्षा तीन मिनिटं मागे होतो. पाण्याच्या टेबलांपाशी ती प्रत्येक वेळी पेला देणाऱ्या पोरींचे आभार मानायला थांबली होती, आणि ते मी कुठल्याच तक्त्यात धरलं नव्हतं.

सोळाव्याच्या आधी हॉर्न वाजला. तिने मागे पाहिलं नाही.

"तो आहे?"

"आहे."

तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि नाताळचं गाणं सुरू केलं, मनात नाही, मोठ्याने. तोंडानेच ढोलकी. बाजूने रडतखडत चाललेल्या दोन मुली आधी हसल्या, मग तिच्या पावलात पाऊल टाकू लागल्या. मीही टाकलं. अठराव्यापर्यंत टाकलं. तिथे माझ्या पोटरीत गोळा आला.

"थांब जरा," मी म्हणालो.

ती थांबली नाही. आमच्या मंडळीत असं प्रथमच घडलं. गाणं पुढे गेलं, दोन मुली त्याच्यामागे, आणि मी तिचा चष्मा हातात धरून लंगडत राहिलो. मला इतका आनंद पळताना कधी झाला नव्हता, आणि पोटरी इतकी कधी दुखलीही नव्हती.

थोड्या वेळाने अगदी पाठीशी इंजिनाचा आवाज आला. "ओ सायेब, येता का? जागा ताईंसाठी धरली हुती, पन त्या तर गेल्या की म्होरं!"

"नको," मी म्हणालो आणि पळालो. तो शेवटपर्यंत माझ्या मागे दहा हातांवर होता. अधूनमधून हॉर्न देत होता. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त मजा येत होती.

ती तीन तासांना चार मिनिटं कमी असताना पोचली. मी जेमतेम काही सेकंद कमी असताना. कमानीखाली ती डोळे बारीक करून माझी वाट बघत उभी होती. चष्म्याशिवाय तिला मी ओळखू आलो, ते लंगडण्यावरून.

टेम्पोवाला खाली उतरला, हात जोडले. "ताई, हरलो. चला."

सुभेदारही तिथेच हजर होते, घड्याळ हातात घेऊन. आम्ही चौघं त्याच टपरीवर गेलो. मी खिसे चाचपले तशी बायको म्हणाली, "तुम्ही गप उभे राहा."

"सायेबांचा चहा माज्याकडून," टेम्पोवाला म्हणाला. "ते निम्मे गाडीतच हुते."

तिने ऐकलं नाही. चार चहा, प्रत्येकी दहा, एकूण चाळीस रुपये टपरीवाल्याला दिले. मोबाईलच्या कव्हरमागून काढून, तिने.