फोटोवाल्याचा हायपो

माझ्या मोठेबाबांबद्दल, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाबद्दल, गावात आजही कोणी चांगलं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माणूस जाऊन किती वर्षं झाली, पण राग काही गेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. मी नागपूरला रसायनशास्त्र शिकत होतो आणि पोळ्यासाठी नाचणगावला आलो होतो. बाप लहानपणीच गेलेला, कारभार सगळा मोठेबाबांचा. मायचं म्हणावं असं घरात एकच होतं, तिनं वाढवलेला पांढरा, गौळाऊ जातीचा बैल. त्याची आई त्याला विऊन मेली तेव्हा मायनं त्याला चिंधीनं दूध पाजलं होतं.

त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकत चाललेली. असली कोवळी, तहानलेली ज्वारी जनावराला जहर, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पोळ्याच्या सकाळी बैल धुऊन आणताना तो बांध ओलांडून आमच्याच ज्वारीत शिरला. मी धावलो, तर मोठेबाबांनी माझा हात धरला.

"हाकलू नको त्याले! आज बैलावर काठी उचलत नाई, दावं ओढत नाई. त्याचा दिवस आहे, खाऊ दे."

"मोठेबाबा, जहर आहे त्यात!"

"चार तोंडं मारली तं मरत नाई. सणाच्या दिवशी अभद्र बोलू नको."

चार तोंडं कसली! त्यानं पोटभर खाल्लं. घरी माय शिंगांना बेगड लावत होती, तेवढ्यात बैल थरथरला आणि धाडकन पडला. तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा, हिरड्या लालभडक. ज्वारीतलं सायनाइड रक्तात गेलं होतं. जनावराच्या यकृतात एक एन्झाइम असतं, ते या जहराला गंधक जोडून त्याची नांगी मोडतं. पण जहर जास्त झालं की अंगातलं गंधक पुरत नाही, बाहेरून द्यावं लागतं. ते ज्या क्षारातून देतात तो फोटोवाले रोज वापरतात. त्याला हायपो म्हणतात. हे मी त्याच वर्षी शिकलो होतो.

ढोरांचा डॉक्टर सणाला घरी गेलेला. मी सायकल काढली, पुलगावच्या फोटोवाल्याला जेवणावरून उठवलं आणि पुडा घेऊन परत आलो. बैल अजून जिवंत होता. हायपो पाण्यात विरघळवला, पाजायला बांबूचा नळा घेतला, तर मोठेबाबा आडवे.

"फोटो धुवाचं पाणी पाजून राह्यला काय बे? शिकून डोकं फिरलं काय तुहं? मंतर टाकणारा जाणता येऊन राह्यला, अंगारा लावू दे आधी."

सकाळी ज्यांच्यानं बैलावर काठी उचलवत नव्हती, त्यांनी ती माझ्यावर उगारली! भोवती निम्मं गाव उभं, एकानंही त्यांना धरलं नाही. अरे मेल्यांनो, बैल मरून राह्यला, अन् तुम्ही अंगाऱ्याची वाट पाहता?

शेवटी थोरल्या दिरापुढं कधी तोंड न उघडलेली माय ओरडली, "माहा बैल आहे, पाजू द्या त्याले!" तेव्हा कुठं काठी खाली आली. पण बैलात गिळायची ताकदच उरली नव्हती. थोडं पोटात गेलं, बाकी सांडलं. मायच्या मांडीवर डोकं टाकून तो गेला.

संध्याकाळी पोळ्याच्या तोरणाखाली मोठेबाबा गावाला सांगत होते, "बरा होत आलता. यानं फोटोचं पाणी पाजलं न् मारला." पुढच्या वर्षी त्या वावराला काट्यांचं कुंपण मात्र त्यांनीच घातलं. बैल गेला न् झोपा केला! पण चूक म्हणून तोंडातून एक शब्द नाही. मी गावी आलो की पारावरचे टोमणे मारायचे, "काय बे, फोटो काढाले आला काय?" मी त्यांना मनसोक्त शिव्या देत असे.

तेही मी गिळलं असतं. पण दिवाळीत माय मला जेवायला वाढत होती. वाढता वाढता थांबली अन् हळूच म्हणाली, "राग नको मानू. पण खरं सांग मले. त्या पाण्यानं तं नाई गेला न माहा बैल?"

मी तिला ज्वारी, जहर, गंधक सगळं पुन्हा समजावलं. तिनं मान डोलावली. पुढं शेवटच्या दुखण्यात मी गोळी पुढं केली की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. तीच गोळी मोठेबाबांनी दिली की मुकाट्यानं गिळायची.