यंत्र बिघडलेलं नाही

तुमच्या बाबानं पाठवलेलं मासे शोधायचं यंत्र कपाटावर का पडून आहे, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते बिघडलंय, असं आजोबांनी सांगितलं. ते खरं नाही, म्हणून ही तुमची आजी लिहिते.

यंत्राबरोबरची इंग्रजी पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचून काढली, पेन्सिलीनं खुणा केल्या. आजोबांनी ती उघडलीसुद्धा नाही. "मला शिकवू नकोस," म्हणाले. मग मी शिकवलं नाही.

पैठणच्या धरणावर आम्ही एका म्हाताऱ्या मासेमाराची नाव ठरवली. तो पाण्याखाली गेलेल्या गावातलाच. काठावरची बाभूळ आणि पंपघर एका रेषेत येऊ लागली, की तो नाव दुसरीकडे वळवायचा. आजोबांनी ते हेरलं आणि त्याच रेषेवर चल म्हणून हट्ट धरला. तिथं नुसता खडक आहे, असं तो सांगत राहिला. शेवटी नाव नेली.

यंत्राच्या पडद्यावर सपाट तळ सरकत होता. एकाएकी सरळ उभी चढण दिसली आणि तिच्यावर कमानींची दाटी; एकेक कमान म्हणजे एकेक मासा. आजोबांनी बटण दाबून जागेची खूण यंत्रात साठवली. औरंगपुऱ्यातल्या चहाच्या मित्रांना घेऊन रविवारी इथंच येणार, त्यांची मोटरबोट आहे, हेही तिथंच जाहीर केलं.

म्हाताऱ्यानं वल्हं आत ओढलं. "साहेब, घर धरणानं नेलं. त्याची ही भीत पान्याखाली ऱ्हायली, तिच्यावर माझं पोट हाय. तीबी वाटून टाका."

"पाणी काय तुझ्या बापाचं आहे?"

"पाणी नाय. भीत हाय बापाची."

कमानी पडद्याच्या डावीकडे होत्या, म्हणून आजोबा नावेच्या डावीकडे गळ टाकत बसले. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता नावेखाली असलेलं पाणी, डावीकडचं सगळं मागे पडलेलं. माझी तिथं पेन्सिलीची खूणही होती. मी छत्री धरून गप्प बसले. तासाभरात एक मासा लागला नाही. यंत्राला शिव्या झाल्या, म्हाताऱ्याला झाल्या, मग मला.

काठावर आल्यावर ते चहाला गेले. यंत्र माझ्या मांडीवर होतं. मी पुस्तिकेतलं पान उघडलं, दोन बटणं दाबली आणि साठवलेली खूण पुसली. म्हाताऱ्याला रिकामा पडदा दाखवला. तो आभार मानेल असं मला वाटलं होतं, हे कबूल करते.

तो जाळं आवरत राहिला. "आज पुसलं. उद्या दुसरं यंत्र आणाल. बाई, पुन्यांदा माझ्या नावेत बसू नका."

घरी आजोबांनी खूण शोधली, सापडली नाही. भंगार पाठवलंय म्हणाले. मी म्हटलं, असेल. रविवारी नुसत्या बाभूळ-पंपघराच्या रेषेवरून नेमकी जागा सापडली नाही; मित्र बोटीतून नुसते उन्हात फिरून आले आणि नंतर कितीतरी दिवस चहावर आजोबांची टर उडवत राहिले. तेव्हापासून यंत्र कपाटावर आहे.

तुम्ही आलात की गच्चीवरच्या टाकीत सोडून चालू करून दाखवीन, पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणात आहे. पैठणला मात्र नेणार नाही. आणि हे आजोबांना वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा.