हाकेचे नाव

१९ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. ही वेळ सर्व्हरच्या नोंदीत आहे. त्या वेळी नेमके काय झाले, हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — घरी नाही, मैत्रिणींना नाही. तुम्हाला सांगते.

कर्जतमधल्या एका संस्थेत मी संगणकावरचा माहितीसाठा सांभाळत होते. खालापूरच्या डोंगराकडील कातकरी वाड्यांतल्या मुलांची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तपासणी आम्ही नुकतीच केली होती. प्रत्येक मुलाची एक ओळ: नाव, आडनाव, वाडी, वय, निदान. आणि शेवटी एक रकाना — ‘हाकेचे नाव’.

तो संगीताताईंच्या आग्रहाने आला होता. ताई पळसदरीच्या, शेतकरी घरातल्या. वाडीवाडीत जाऊन मुले तपासण्याचे काम त्यांचे. एकाच वाडीत चार मंदा वाघ, वयेही अंदाजाने लिहिलेली, म्हणून सारखीच. घरी मात्र त्या चिमी, भुरी, पिटी आणि ठेंगी. शाळेतले नाव घेऊन हाक मारली तर एकही मुलगी वळून बघत नसे.

मला तो रकाना खुपत होता. इतका अव्यवस्थित! देणगीदारांसमोर मला स्वच्छ तक्ता मांडायचा होता, आणि त्या तक्त्याच्या जोरावर पुण्यातली मोठी नोकरी मिळवायची होती — हेही लपवत नाही. मी तो रकाना काढून टाकला. मग ज्या ओळींत नाव, आडनाव, वाडी आणि वय हुबेहूब सारखे दिसू लागले, त्या दुबार समजून एक करण्याची आज्ञा दिली. एका क्षणात चार मंदांची एक मंदा झाली. निदान उरले ते शेवटच्या ओळीचे.

असा बदल आधी प्रतीवर करून पाहायचा असतो. मला हे माहीत नव्हते का? मी तर ते शिकवत होते! ‘परत उभा करून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे’ — फळ्यावर लिहून खाली रेघ ओढत असे. स्वतः मात्र रोज सकाळी ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश पाहायचा आणि चहा घ्यायचा. दिवाळीआधी मी सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता; बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमला नवा द्यायचा राहिला. संदेश तरीही येत राहिला, कारण काम झाले की नाही हे न तपासताच तो पाठवण्याची व्यवस्था माझीच होती. त्या दुपारी फायली उघडल्या. सगळ्या रिकाम्या. त्याआधीच्या, जागा वाचावी म्हणून, आपोआप पुसल्या गेलेल्या. हीही सोय माझीच.

इतकी साधी चूक! अजूनही चीड येते. पण कबूल करायचे आहे ते हे नव्हे.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुखांनी विचारले, मुलांची संख्या कमी कशी? मी म्हणाले, “फील्डवरून नोंदी आल्याच नाहीत, सर.”

संगीताताईंचा लगेच फोन आला. “मॅडम, समदं पाठवलंय मी. हिरवी खूण आलेली. तुमी जरा नीट बघा ना.”

“बघितलं, ताई. नाही आलेलं.”

निकाल जागेवरच फोनमध्ये भरला जाई आणि पाठवला की तिथून पुसला जाई. हे मला ठाऊक होते. तरीही त्यांचा फोन तपासणीसाठी खोपोलीच्या दुकानात गेला, तेव्हा मी गप्प बसले. तो आठवडाभर तिथेच राहिला. त्याच आठवड्यात वीटभट्टीवाल्यांचे टेंपो वाड्यांवर आले आणि काही कुटुंबे चढून गेली — दिवाळीनंतर दरवर्षी जातात तशी. मी बुधवारी खरे बोलले असते तर? गुरुवारी सकाळी ताई दारोदार गेल्या असत्या. मुले तिथेच होती.

फोनमध्ये काही सापडले नाही. पुन्हा तपासणी सुरू झाली, तेव्हा एकदा मीही सोबत गेले. का गेले — मदतीला, की संशय येऊ नये म्हणून? एक आई ओरडली, “परत टोचतेस? पयलं रगात वाटेत सांडलंस का गं?” बायका हसल्या. ताईही हसल्या. “सांडलं गं बाय. आता बूच लावून नेते.” मी कापूस हातात धरून शेजारी उभी होते. तिथे एक वाक्य पुरले असते.

मार्चमध्ये संगीताताईंचा करार वाढवला नाही. कारण म्हणून ‘उपकरण हाताळण्यात निष्काळजीपणा’ असे लिहिले गेले. ते शब्द प्रमुखांनी माझ्याच अहवालातून उचलले होते. पुण्याची नोकरी मला मिळाली. मुलाखतीत मी तोच स्वच्छ तक्ता दाखवला.

पद सोडताना शेवटची नोंद मी केली. पुसल्या गेलेल्या मुलांपैकी बरीच पुन्हा तपासली गेली होती. बाकीची कोणत्या भट्टीवर आहेत, हे वाडीत कोणाला सांगता आले नाही. त्यांच्यात कोणाला आजार आहे, हे एकदा आमच्याकडे लिहिलेले होते. आता कुठेच नाही. भुरी त्यांच्यात आहे. पिटीही आहे. मी रकाना भरला — न सापडलेली मुले: ४.