आईचा सगळ्यात वाईट दिवस

माझ्या आईला स्नायूंचा एक दुर्मीळ आजार आहे. तो बरा होत नाही. औषध आहे, पण अतोनात महाग. त्याचा मोठा भार इथलं सरकार उचलतं, कारण आम्ही योकोहामात राहतो आणि बाबा इथे टॅक्स भरतात. त्यासाठी एक प्रमाणपत्र लागतं, ते वर्षभरच चालतं. म्हणजे जो आजार कधीच जाणार नाही असं सरकारनंच छापलंय, तो अजून गेला नाही हे आम्ही दरवर्षी सिद्ध करायचं. ही अक्कल कुणाची, ते मला एकदा बघायचंय.

पेशंटांच्या संघटनेत मी पत्रकं लिहिते आणि स्टेशनबाहेर उभी राहून वाटते. बाबांना त्याची लाज वाटते. आपल्या लोकांपैकी कुणी बघितलं तर? आपले लोक म्हणजे कंपन्यांनी पुण्या-मुंबईहून पाठवलेली मराठी मंडळी. त्यांना बाबांनी सांगून ठेवलं होतं, आईचे गुडघे दुखतात.

गेल्या दिवाळीत फराळाला जमलो होतो. एक काका चकली मोडत म्हणाले, "एकेका माणसाच्या औषधावर सरकारनं एवढा खर्च का करायचा? शेवटी पैसा आपलाच ना!"

आई त्यांच्या समोरच बसली होती. बाबांनी चक्क मान डोलावली.

"काका, उद्या तुम्हाला असलं काही झालं तर?" मी विचारलं.

"अगं, मी रोज वॉकला जातो!"

सगळे हसले. "हिला निवडणुकीला उभी करा रे," काकूंनी भर घातली. आईसुद्धा हसली. इतकी शिकलेली माणसं, आणि आजार म्हणजे आळशीपणाची शिक्षा असं समजतात.

दिवाळीनंतर आठवड्याभरात पाकीट आलं. आईचा अर्ज नामंजूर. कारण: आजार सौम्य.

हे कसं झालं ते मी बाबांकडून खोदून काढलं. जुलैत आईची तपासणी झाली होती. त्यात डॉक्टर चालायला लावतात, हाताची पकड बघतात आणि फॉर्म भरतात. फॉर्ममध्ये गेल्या सहा महिन्यांतली सगळ्यात वाईट अवस्था लिहायची असते. हा नियम मी आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलाय. घरातच गठ्ठा पडलाय त्या पत्रकांचा; बाबांनी एकही उघडून पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात परीक्षा म्हणजे परीक्षा. दोन आठवडे रोज सकाळी पार्कात नेऊन त्यांनी आईकडून चालण्याचा सराव करून घेतला, स्टॉपवॉच लावून. आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती. आई इस्त्रीचा कुर्ता घालून गेली आणि कित्येक महिन्यांत चालली नव्हती इतकी छान चालली.

मग डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यात वाईट दिवस कोणता होता? दुभाषे बाबाच, मी त्या दिवशी पार्ट-टाइम कामावर. बाबा म्हणाले, "तसं काही विशेष नाही. आपल्या कृपेनं सगळं उत्तम आहे." परक्यापुढे घरचं रडगाणं गायचं नाही, हे आमचे संस्कार. आणि पाच वर्षं आईला बघणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करता ते लिहून घेतलं.

"सौम्य म्हणतायत, म्हणजे चांगलंच ना?" बाबा म्हणाले.

"औषधामुळे सौम्य आहे, बाबा! आणि तेच आता किती दिवस परवडेल?"

बाबा ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी तीनदा वाकून सांगितलं, प्रकृतीत बदल झाल्यास पुन्हा अर्ज करता येईल. म्हणजे आई अजून बिघडली की या. एवढ्या अदबीनं कुणी मला कधी दाराबाहेर काढलं नव्हतं.

आम्ही बिघडायची वाट पाहिली नाही. नव्या फॉर्मसाठी नोव्हेंबरात तिघंही गेलो. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. बाबांनी घसा साफ केला. मला वाटलं, झालं, पुन्हा कृपा.

आई मराठीत म्हणाली, "अहो, बाथरूमचं सांगा."

मला काहीच माहीत नव्हतं. जूनमध्ये आई बाथरूममध्ये खाली बसली ती उठूच शकली नव्हती. फोन स्वयंपाकघरात. दुपारपासून बाबा ऑफिसातून येईपर्यंत ती फरशीवर पडून होती. मला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. मी म्हणे त्याचं पत्रक केलं असतं. केलंच असतं.

बाबांनी ते ऑफिसच्या जपानीत सांगितलं, रखडलेल्या प्रोजेक्टचा रिपोर्ट द्यावा तसं, तारीख आणि वेळेसकट. शेवटी डॉक्टरांची माफीही मागितली. डॉक्टरांनी तेव्हा कुठे मान वर केली.

प्रमाणपत्र मिळालं. एका वर्षाचं. "बघ, सिस्टिम चांगली आहे," बाबा म्हणाले. चांगली!

आमच्या फ्रिजवर कचऱ्याचं कॅलेंडर असतं, कुठल्या वारी प्लास्टिक, कुठल्या वारी जळणारा कचरा. त्यातच आता बाबा लाल पेनानं आईचे वाईट दिवस लिहितात. परवा पेन घेऊन उभे होते.

"काल जिन्यात किती वेळा थांबलीस?"

"तीनदा लिहा."

"तीनदा थांबलीस?"

"दोनदा. पण तुम्ही हात धरला होता म्हणून."

बाबांनी 'दोन' लिहिलं, आणि त्यापुढे बारीक अक्षरात, 'हात धरून'.